डावा डोळा मिटून

डॉक्टरांनी तुम्हाला पालथं पडून राहायला सांगितलं असेल आणि घरातलं कुणी हे तुम्हाला वाचून दाखवत असेल, तर आधी एक काम करा. कपाळाखालची उशी काढून टाका आणि तिथे टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा. उशीने नाक दबतं आणि मग आपण उगाच घरच्यांवर चिडतो. हे मला चौथ्या दिवशी कळलं. तोवर माझं बऱ्याच जणांना दुखावून झालं होतं.

मी सुजाता. ठाण्याला कोपरीत राहते, कळव्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि गेली बावीस वर्षं रांगोळ्या काढते. दारापुढच्या नव्हे, माणसांच्या चेहऱ्यांच्या. फोटो समोर ठेवून जमिनीवर सहा फुटी चेहरा उभा करायचा, चार-पाच दिवस लोकांनी तो पाहायचा आणि मग आपणच तो पुसून टाकायचा. दिवाळीच्या सुटीत कल्याणला एका शाळेच्या हॉलमध्ये आम्हा पंधरा-वीस वेड्यांचं प्रदर्शन असतं. पुसायचंच आहे तर एवढे कष्ट कशाला, असं विचारणाऱ्यांना समजावणं मी केव्हाच सोडून दिलंय.

मागच्या वर्षी त्या प्रदर्शनाच्या दिवसांत माझ्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला तो भिंतीवरच्या कागदासारखा चिकटलेला असतो. सुटला की दिसणं जातं. यापेक्षा जास्त शास्त्र मला येत नाही.

आजोबांची दाढी

चूक माझी होती, आणि ती रांगोळीवालीच करू शकते अशी होती.

मला रांगोळी शिकवली कल्याणच्या भालेराव सरांनी. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "एक डोळा मिटा. चेहरा सपाट होईल. मग नाक-डोळे दिसणार नाहीत, नुसता उजेड आणि सावली दिसेल. तेवढंच काढायचं." मी डावा मिटला आणि तो पुढे बावीस वर्षं मिटतच राहिले. काम सुरू झालं की पापणी आपोआप खाली येते. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये दोन फोटोंत मी भटजी नसलेल्या मंडपात कुणाला तरी डोळा मारतेय असं दिसतं. खरं तर मी समोरच्या बाईच्या गालावरची सावली बघत होते.

त्या वर्षी मी शहाड स्टेशनाबाहेर भाजी विकणाऱ्या एका आजोबांचा चेहरा काढायला घेतला होता. चार दिवसांचं काम. दुसऱ्या दिवशी नजरेच्या कडेला लख्खकन काहीतरी चमकलं. हॉलमध्ये दिवे लावून बघत होते, त्यातलंच असेल म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काळे ठिपके तरंगायला लागले. चष्म्यावर रांगोळीची धूळ बसली असणार. पुसला, परत पुसला. दुपारी चहाला बसले तेव्हा खालून एक सावली वर चढलेली वाटली. पण चहा संपवून कामाला बसले की ती गायब. काम करताना डोळा एकदम बरा असायचा, कारण काम करताना तो मिटलेलाच असायचा.

आता खरं काय ते सांगते. त्या संध्याकाळी मी हॉलच्या कोपऱ्यात जाऊन उजव्या डोळ्यावर हात ठेवला. समोर जमिनीवर वीस चेहरे होते, त्यातला एकही दिसेना. हॉलचा खालचा अर्धा भाग नव्हताच. मला कळलं की काहीतरी मोठं बिघडलंय. आणि मी कुणालाही सांगितलं नाही. घरी कळलं असतं तर नवऱ्याने त्याच पावली डॉक्टरकडे नेलं असतं, आणि आजोबांची दाढी राहिली होती. पांढरी दाढी, करड्या पाच छटांची. दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत बसून मी ती पुरी केली. लोक म्हणाले, दाढी अगदी खरी वाटते.

शीळफाटा

त्याच संध्याकाळी कल्याणच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"कालपासून."

"खरं सांगा बाई."

"परवापासून."

त्यांनी स्वतःच ठाण्याच्या हॉस्पिटलला फोन लावला. माझ्याकडे वळून म्हणाले, "आजच्या आज पोचा. पडद्याचा मधला भाग अजून पूर्ण गेला नसेल तर..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

सुनील, माझा नवरा, वागळे इस्टेटमध्ये छापखान्यात काम करतो. तो तसाच निघून आला. धक्का लागायला नको म्हणून गाडी केली. दुर्गाडीच्या बाजूला गाड्या तुंबल्यात म्हणून ड्रायव्हरने शीळफाट्याचा रस्ता धरला आणि शीळफाट्याला आम्ही ठप्प झालो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर.

मी सारखा उजवा डोळा झाकून बघत होते. पुढच्या टेम्पोवर मागे नाव लिहिलं होतं. आधी अख्खं नाव दिसत होतं. थोड्या वेळाने बघितलं तर अक्षरांच्या वरच्या रेषाच तेवढ्या उरल्या होत्या.

"नको बघूस सारखं," सुनील म्हणाला.

"आत्ता नाही बघितलं तर नंतर असेल की नाही कोण जाणे."

त्याने खिडकीची काच खाली केली. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "काल कळलं होतं ना तुला?"

"हो."

"मग?"

"दाढी राहिली होती."

वीस वर्षांत हा माणूस माझ्यावर ओरडलेला नाही. तेव्हाही ओरडला नाही. "दाढी," एवढंच म्हणाला, आणि ठाणं येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आतून दिसलेलं

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. पूर्ण भूल देत नाहीत, डोळ्यापुरतीच देतात. त्यामुळे सगळं ऐकू येतं. तोंडावर हिरवं कापड, श्वास आपलाच आपल्याला मोठा वाटतो. एका सिस्टरने माझा हात धरून ठेवला होता. तिचा चेहरा मी पाहिला नाही, पण तो हात मी अजून ओळखेन. तुमचं ऑपरेशन असेल तर आधीच सांगून ठेवा, हात धरा म्हणून. लाजू नका.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी घरीही बऱ्याच उशिरा सांगितली. ऑपरेशन चालू असताना मला आतून दिसत होतं. राखी उजेड आणि त्यात हलणाऱ्या बारीक काळ्या सळ्या. मी भीतीने गारठले होते. आणि त्याच वेळी डोक्यात चालू होतं की हा राखी वेगळा आहे, यात जरा निळा टाकावा लागेल. मला स्वतःची लाज वाटली. पुढे त्याच आठवणीने धीरही दिला.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मधला भाग सुटलेला होता. बसवलाय. आत गॅसचा बुडबुडा सोडलाय, तो वर चढून पडद्याला दाबून धरेल. म्हणून तुम्ही दहा दिवस पालथ्या. जेवण-बाथरूम सोडलं तर तोंड जमिनीकडे."

"आणि दिसेल किती?"

"ते आज नाही सांगत."

दहा दिवस जमिनीकडे

लोकांना वाटलं, रांगोळीवालीला काय कठीण, जन्म वाकूनच गेला. मलाही तसंच वाटलं होतं. पण वाकून काम करणं वेगळं आणि वाकून नुसतं पडणं वेगळं.

पलंगाच्या कडेबाहेर डोकं, कपाळाला टॉवेल, खाली आमच्या जुन्या मोझॅकच्या लाद्या. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजव्याला तीन लाद्या. मुलगी मनाली कॉलेजातून आली की मोबाइलवर काहीबाही वाचून दाखवायची. सासूबाईंचा गावाहून फोन यायचा, "विहारात तुझ्यासाठी परित्राण पाठ ठेवलाय गं बाई, काळजी नको करू." भेटायला माणसं येत होती. पण सगळी माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूशी बोलत होती. मला त्यांचे पाय दिसायचे. चौथ्या दिवसापर्यंत मी शेजारपाजारच्या सगळ्यांना पायांवरून ओळखू लागले.

मी चिडचिड करत होते. मनालीने ताटात वाटी जरा आपटली तर तिला नको ते बोलले. ती म्हणाली, "मम्मी, तू स्वतःच केलंयस हे. आमच्यावर का काढतेस?" मी स्टीलचा ग्लास लाथाडला. तो गडगडत दारापर्यंत गेला आणि कुणीही उचलला नाही.

खरी भीती डोळ्याची नव्हतीच. उजवा होता की. भीती दुसरीच होती. बावीस वर्षं डोळे मिटले की मला चेहरे दिसायचे, रांगोळीचे, करड्या छटांचे, अर्धवट. बस चुकली, स्वयंपाक चाललाय, वर्गात पोरं गोंधळ घालतायत, तरी आत कुठला ना कुठला चेहरा चालू असायचा. आता डोळे मिटले की काळोख. सहा दिवस एक चेहरा आला नाही. मला वाटलं, पडद्याबरोबर तेही सुटलं. ते कुठला डॉक्टर चिकटवणार? त्या दिवशी मी खूप रडले. पालथं पडून रडलं की पाणी गालावरून ओघळत नाही, सरळ खाली टपकतं. लादीवर थेंब मोजता येतात.

भालेराव सर आले ते सातव्या दिवशी. चौऱ्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले, जिने चढायचे तर दर मजल्यावर टेकत. मला त्यांच्या चपला दिसल्या.

"एक डोळा मिटायला मीच शिकवलं तुम्हाला," ते म्हणाले. "झोप लागत नाही मला."

"सर, दाढी पुरी करायला तुम्ही नव्हतं शिकवलं."

"तेही मीच शिकवलंय. काम अर्धं टाकून उठायचं नाही, हे वाक्य कुणाचं?"

मी त्यांना विचारलं की गुडघे गेल्यापासून पाच वर्षांत त्यांनी एकही रांगोळी काढली नाही, मग ते काय करतात. आतलं सगळं बंद पडलं का?

"पहिलं वर्ष बंद पडलं होतं," ते म्हणाले. "मग मी गॅलरीत बसायला लागलो. खाली बसस्टॉप आहे. रोज एक चेहरा निवडायचा आणि त्यात किती करडे आहेत ते मोजायचे. बस आली की मोजणं संपलं. कुणाचे पाच होतात, कुणाचे अकरा. हात लावायचा नाही, नुसतं मोजायचं. एवढ्यावर चाललंय माझं."

"माझ्याकडे चेहरा कुठाय सर? पाय आहेत नुसते."

हिराबाई

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई आली. आमच्या मागच्या गल्लीत राहते, कोपरी गावठाणातली, वय पासष्टच्या पुढे. आमचं जायचं-यायचं होतं ते सुकट आणि आंबाडे देण्याघेण्यापुरतंच. जोडव्यांवरून मी तिला ओळखलं. ती दोन मिनिटं पलंगाशी उभी राहिली, मग म्हणाली, "अगो, तुज्या टकुऱ्याशी काय बोलू मी?"

आणि बाई सरळ जमिनीवर बसली, मग हातावर जोर देत उताणी निजली आणि सरकत सरकत माझ्या बरोबर खाली आली. माझ्या तोंडाखाली दीड फुटावर एक अख्खा चेहरा वर बघत होता. कपाळावर गोंदण, नाकात मोरणी, दोन दात नाहीत.

"आता बोल," ती म्हणाली. "कशी हास?"

मला हसू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. आणि हसताना मी पाहिलं की माणूस उताणा निजला की त्याचे गाल कानांकडे सरकतात, डोळ्यांखालच्या पिशव्या नाहीशा होतात, कपाळ मोकळं होतं. चेहरा जमिनीवरून वर बघतो तेव्हा असा दिसतो. मी बावीस वर्षं जमिनीवर चेहरे काढत होते आणि सगळे उभ्या माणसांच्या फोटोंवरून. जमिनीवरचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता.

मी मोजायला लागले. गालाच्या हाडाखाली तीन करडे, मानेच्या घडीत चार. मोरणीच्या सावलीशी आले तेव्हा हिराबाई म्हणाली, "काय पुटपुटतंस?"

"तुझे रंग मोजतेय."

"मोज. मना काय काम हाय."

ती रोज यायची. पंधरा-वीस मिनिटं निजायची, सुनेच्या तक्रारी सांगायची, मी मोजायची. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळे मिटले तर काळोखात मोरणीची सावली आली. आधी तेवढीच. मग गाल. मी सुनीलला हाक मारली आणि सांगितलं. तो जमिनीवर निजून माझ्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याचे डोळे भरले. त्याच्या चेहऱ्यात नऊ करडे आहेत.

चिकटला, पण

तपासणीच्या दिवशी मॅडम डोळ्यात बघत होत्या तोवर मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. शेवटी म्हणाल्या, "चिकटलाय."

तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते, त्या शब्दाबरोबर सगळं संपत नाही. गॅस विरायला आठवडे गेले. मग डाव्या डोळ्याने दिसायला लागलं ते वाकडं. दाराची चौकट पोटातून फुगलेली, सुनीलचं तोंड चिंचोळं. मॅडम म्हणाल्या, थोडं सुधारेल, पूर्ववत होणार नाही. अंतराचा अंदाज तर गेलाच. चहा कपाबाहेर सांडायचा, सुईत दोरा जायचा नाही, जिना उतरताना शेवटची पायरी आहे की संपली ते कळायचं नाही.

रांगोळीत सगळा खेळ अंतराचा असतो. चिमूट जमिनीपासून किती उंचावर सोडायची त्यावर रेष बारीक की जाड ते ठरतं. धूळ डोळ्यात जाईल म्हणून रांगोळीला हात लावायची बरेच दिवस बंदी होती, म्हणून मी परातीत जाड्या रव्याने सुरुवात केली. रेष काढायला जावं तर बोटं सरळ परातीवर आदळायची, नाहीतर रवा वितीवरून सांडायचा. मनाली म्हणायची, "मम्मी, उपमा कर त्याचा." तीन महिने आम्ही फार उपमा खाल्ला.

मग मी करंगळी टेकवायला लागले. करंगळी जमिनीला लागली की उरलेली बोटं किती उंच आहेत ते कळतं. सरांच्या हाताखाली हा गुन्हा होता, कारण करंगळीचे बारीक ठिपके चित्रात उमटतात. उमटू देत म्हटलं.

या वर्षी

या दिवाळीत मी परत कल्याणच्या हॉलमध्ये बसले. समोर फोटो नव्हता, वर्षभर अधूनमधून हिराबाई येऊन लादीवर निजायची तेव्हा मोजलेले करडे होते. दोन्ही डोळे उघडे ठेवून मी हिराबाई काढली, उताणी, जमिनीवरून वर बघणारी. डाव्याने दिसणारं वाकडं आणि उजव्याने दिसणारं सरळ यांची सतत भांडणं होत होती. डोकं दुखायचं. दर तासाला उठून, आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून समोरची भिंत बघायची, हा माझा आता नियम आहे. घरात, शाळेत, गल्लीत, सगळ्यांच्या मी मागे लागते. आठवड्यातून एकदा तरी करा. लोक माझी थट्टा करतात, पण करतात.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनला, मनाली हिराबाईला घेऊन आली. चेहरा पुरा झाला होता. खांद्यावरचा पदर राहिला होता, दोन तासांचं काम. भालेराव सर खुर्चीवर बसून बघत होते.

हिराबाई काठाशी उभी राहिली. मग माझी शिकवण आठवून तिने एका डोळ्यावर हात ठेवला.

"या डोल्यानं मीच हाय," ती म्हणाली. हात बदलला. "यानं कोन हाय ते कलत नाय."

"म्हणजे?"

"धूर झायलाय गो निस्ता."

"कधीपासून?"

"श्रावनापासून असंल. शेगडीचा धूर असंल म्हटलं."

मी चिमटीतला रंग वाटीत परत टाकला आणि उठले. हात धुतले नाहीत, तशीच चप्पल घातली.

"सुजाता," सर म्हणाले. पुढचं त्यांचं वाक्य मला पाठ होतं. पण ते माझ्या पदराशिवायच्या रांगोळीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "रिक्षा दारातच मिळेल."

त्याच डॉक्टरांकडे, त्याच बाकावर आम्ही बसलो. हिराबाईला आत नेलं. दरवाजा बंद होता आणि मी दरवाजाची फुगलेली चौकट बघत होते. मनात एकच चाललं होतं. वर्षभर ही बाई माझ्या डोळ्यांदेखत होती, तोंडाखाली दीड फुटावर तिचा चेहरा घेऊन निजायची. मी तिच्या मोरणीच्या सावलीतले करडे मोजले आणि तिच्या बुबुळाकडे एकदाही नीट पाहिलं नाही.

डॉक्टर बाहेर आले. "मोतीबिंदू," म्हणाले. "पिकलाय चांगला. पडदा ठीक दिसतोय. पुढच्या आठवड्यात करून टाकू."

मी सरांना फोन केला आणि सांगितलं की हॉल बंद होईल आता, पदर राहू दे तसाच.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी हिराबाई थांबली. "माजा पदर राहिला ना?"

"राहिला."

"मंग? नागडा खांदा घिऊन निजू का लोकांसमोर?"

"आधी डोळा कर तुझा."

"डोला झाला की येतंय तुज्या घरी," ती म्हणाली. "लादीवर निजतंय. नवी साडी नेसून येतंय, तिचा पदर काड."

मी तिचा दंड धरला, तिने माझा. तिला पायऱ्या धड दिसत नव्हत्या आणि मला शेवटची कुठली ते कळत नव्हतं. म्हणून दोघी मोठ्याने मोजत, सावकाश उतरलो.